एका स्कीची तक्रार

उत्तराखंडातल्या औलीहून परत येऊन अकरा दिवस झाले, तरी देवदत्त फणशांचा थकवा काही उतरला नव्हता. बर्फातल्या सुट्टीवरून माणूस ताजातवाना होऊन येतो म्हणतात. फणसे सर्दी, गुडघेदुखी आणि एक स्की घेऊन आले होते. एकच. दुसरी चोरीला गेली होती, आणि त्या न आलेल्या दुसरीने इंदूरच्या सुदामा नगरातल्या त्यांच्या घराची झोप उडवली होती.

स्की म्हणजे बर्फावरून घसरायची लांब, अरुंद फळी. ती दोन्ही पायांत बांधायची असते, त्यामुळे जोडीतली एक गेली की उरलेली नुसती अडगळ. ही लाल रंगाची अडगळ हॉलमध्ये चपलांच्या स्टँडजवळ भिंतीला टेकून उभी होती. येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय आणलं भिया?" आणि फणसे सगळी कथा पहिल्यापासून सांगायचे. आता सांगायचाही कंटाळा आला होता. सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडायची, पीथमपूरच्या औषध कारखान्यात दिवसभर मालाची क्वालिटी तपासायची, संध्याकाळी सातला घरी यायचं आणि दारातच ती फळी बघायची. बावन्नाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं? जरा शांतता. तेवढीच मिळत नव्हती.

त्यातून ती जोडी त्यांची नव्हतीच. धाकटा भाऊ परेश सहा वर्षं ऑस्ट्रियात नोकरीला होता, त्याने ती तिथून आणली होती. फणशांची मुलगी ऋजुता गेल्या वर्षी कॉलेजच्या शिबिरात स्की शिकली आणि तिला वेडच लागलं, म्हणून काकाने मोठ्या मनाने दिली. देताना म्हणाला होता, "दादा, जरा सांभाळ हं. बर्फावर लोक पाकीट पाहत नाहीत, स्की पाहतात. चांगली दिसली की गेलीच समज." चोरीचं कळल्यावर तो फक्त "जाऊ दे रे दादा" म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

आणि फणशांनी सांभाळली नव्हती असं नाही. आपण इंदूरची माणसं प्रवासाला निघालो की बॅगेत पहिली काय टाकतो? बर्थखाली सुटकेस बांधायची साखळी आणि कुलूप. फणशांनी तीच साखळी औलीला नेली. हॉटेलच्या खोलीत रोज रात्री दोन्ही स्की पलंगाच्या पायाला बांधून किल्ली उशीखाली घेऊन ते झोपायचे. त्यांची बायको नीरजा हसायची. "अहो, इथे काय गाडीत बसलोय का आपण?" पण फणशांचा आपल्या साखळीवर विश्वास होता. पंचाईत बर्फाच्या उतारावर आली. तिथे पलंग नव्हता.

तिथे हरी होता. हरी सिंह, स्की स्कूलचा गाइड, तिशीतला, कमी बोलणारा. चार दिवस त्याने ऋजुताला शिकवलं. ती पडली की हात द्यायचा नाही, काठीने बर्फावर रेघ मारून दाखवायचा, "यहाँ वज़न गलत था, दीदी." ऋजुता त्याच्यावर खूश होती. शेवटच्या दिवशी दुपारी हवा बिघडायला लागली. खाली उतरायचा रस्ता बंद होण्याआधी निघायचं होतं, टॅक्सी उभी होती, नीरजाला थंडीने हुडहुडी भरली होती. हरी म्हणाला, "आप लोग चाय पी लीजिए साहब, स्की मैं रख देता हूँ." फणशांनी त्याला बजावलं, "ध्यान रखना, भाई की है." एकदा नाही, तीनदा बजावलं.

चहा पिऊन बाहेर आले तर बाहेरच्या रॅकमध्ये एक लाल स्की आणि तिच्या शेजारी कोणाची तरी निळी! दुसरी लाल गायब. हरीचा पत्ता नाही. कोणा पर्यटकाचा गुडघा मुरगळला होता, त्याला घेऊन तो खाली गेल्याचं कोणी तरी सांगितलं. फोन लावला, लागेना. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून पिसाळला. शेवटी असेल ती लाल स्की उचलून मंडळी निघाली.

अर्ध्या रस्त्यात रेंज आली आणि फणशांचा राग उसळून वर आला. स्की स्कूलच्या इन्चार्जना, नेगीसाहेबांना, त्यांनी टॅक्सीतूनच तक्रार पाठवली. ऋजुताच्या फोनमधला हरीचा हसरा फोटो घेतला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘औलीला जाणाऱ्यांनी सावधान! हा माणूस चोर आहे.’ मग तोच फोटो हिंदीत लिहून फिरायला जाणाऱ्यांच्या एका मोठ्या ग्रुपवरही टाकला. तेवढ्यात हरीचाच फोन आला.

"बाबा, उचला ना," ऋजुता म्हणाली.

"आता सेटिंग करायला फोन करतोय!" असं म्हणत फणशांनी त्याचा नंबर ब्लॉक केला. मग त्यांना जरा बरं वाटलं. खरं सांगा, आपल्यालाही वाटतं ना असं?

अकराव्या दिवशी, शनिवारी, नेगीसाहेबांचं उत्तर आलं. ‘आपकी शिकायत पर गाइड हरी सिंह को काम से हटा दिया गया है. एक लाल स्की उसी के पास से मिली है. कृपया हस्ताक्षर करके लिखित बयान भेजें, ताकि मामला पुलिस चौकी में दिया जा सके.’

"बघ! त्याच्याकडेच मिळाली!" फणशांनी नीरजाला मेल वाचून दाखवला. "मी काय म्हणत होतो?"

नीरजा वह्या तपासत होती, ती शाळेत शिकवते. वर न बघता म्हणाली, "मिळाली ना? मग संपवा आता. परेशभावजींना कळवा आणि हा विषय बंद करा. मी थकले."

"बयान द्यावं लागेल. अशा लोकांना सोडायचं नसतं. आज आपली गेली, उद्या आणखी कोणाची जाईल."

"हरी भैया असं नाही करणार, बाबा," ऋजुता दारातून म्हणाली. अकरा दिवसांत ती हे वाक्य इतक्यांदा बोलली होती की आता तिच्या आवाजात भांडणसुद्धा उरलं नव्हतं. "मतलब, मी चार दिवस त्याच्यासोबत होते ना यार."

"चार दिवसांत माणूस कळत नाही, बेटा."

चार दिवसांत माणूस चांगला आहे हे कळत नाही. पण चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात तो चोर आहे हे मात्र पक्कं कळतं! आपल्या सगळ्यांचं गणित असंच चालतं.

आता सरकारी हिंदीत बयान लिहायचं तर ते शशिकलाआत्यानेच, हे फणशांच्या घराण्यात ठरलेलं होतं. शशिकलाआत्या त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये तिने बत्तीस वर्षं नोकरी केली. लोक तिथे सामान ठेवतात, पावती हरवतात, दुसऱ्याची बॅग उचलतात, नाही तर स्वतःचीच विसरतात, आणि मग काउंटरवर येऊन ‘चोरी, चोरी’ म्हणून ओरडतात. त्या सगळ्यांचे कागद आत्या लिहायची. एकदा तिने कागद लिहिला की वरच्या साहेबाला त्यात कानामात्राही बदलावा लागायचा नाही.

रविवारी सकाळी बाप-लेक स्कूटरवर निघाले. आत्याचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. बाजार भरायला लागला होता, स्कूटर लावायला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. जिना चढून फणसे खुर्चीत बसले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"काय रे देवा, हे काय हाल करून घेतलेस? बैस. ऋजू, गॅसवर चहा आहे, तीन कप भर." आत्याने चष्मा लावला, फूलस्केप कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "हं. बोल. वस्तू काय?"

"स्की. एक."

"मालक?"

"परेश."

"शेवटी कोणाच्या हातात होती?"

"हरी सिंह. गाइड. त्याने रॅकमध्ये ठेवली. म्हणजे ठेवतो म्हणाला."

"रॅक किती होते?"

"होते ना चार-पाच, ओळीने."

"सगळे पाहिलेस?"

"आत्या, जोडी कोणी एकत्रच ठेवेल ना! एक इकडे, एक तिकडे, असं कोण ठेवतं?"

"मला काय पता, बाबा. मी बर्फ फक्त सराफ्यात गोळेवाल्याकडे पाहिलाय." आत्याने लिहिलं, थांबली. "बरं. तो काय म्हणाला?"

"कोण?"

"ज्याच्यावर तू आळ घालतोयस तो."

ऋजुता चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबांनी त्याला ब्लॉक केलंय."

आत्याने पेन खाली ठेवलं. तिच्या कागदावर एक उभी रेघ होती. डावीकडे तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: सामान, मालक, अंतिम बार किसके पास, संबंधित व्यक्ति का कथन. या शेवटच्या शब्दांसमोर जागा कोरी होती.

"हा रकाना भर," ती म्हणाली. "मग पुढचं लिहीन."

"त्याची काय जरुरत आहे, आत्या? स्की त्याच्याकडे सापडली! इन्चार्जने स्वतः लिहिलंय. सही करायची आणि पाठवायचं, इतकी साधी बात."

"कुठे सापडली? त्याच्या घरात? ट्रंकेत? का तोच घेऊन आला होता? तुझ्या कागजात यातलं काहीच नाही."

"मला आता पुन्हा त्यात पडायचं नाही, आत्या. मी थकलोय. खरंच थकलोय."

"दिसतंय रे मला," आत्या जरा मऊ आवाजात म्हणाली. "पण थकलेला माणूस जास्त घातक असतो. रागावलेल्याचा राग उतरतो. थकलेला नुसती सही करून मोकळा होतो."

मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कोणी तरी दुकानाचं शटर वर करत होतं.

"मी एकदाच ठेवला होता हा रकाना रिकामा," ती म्हणाली. "नोकरीचं सातवं वर्ष. भोपाळच्या एका साहेबांची ट्रंक दिसेना. साहेब पायाने जमीन आपटत होते, माझी ड्यूटी संपत आली होती, घरी तुझी आजी आजारी. ट्रंक शेवटी कोणाच्या हातात होती? चिंतामण हमालाने. मी त्याला विचारलंच नाही. त्याच्या नावावर कागद लिहिला आणि पाठवून दिला. चार दिवसांनी ट्रंक बाजूच्याच खोलीत मिळाली. त्यानेच तिथे ठेवली होती, कारण आमच्या खोलीत छत गळत होतं! साहेबांची ट्रंक भिजू नये म्हणून, देवा!"

"मग चिंतामण?"

"तोवर गावी निघून गेला होता. मी दोनदा निरोप पाठवला. आला नाही. कशाला येईल? ट्रंक परत मिळाल्याचं स्टेशनवर दहा जणांना कळलं. तो चोर असल्याचं पूर्ण स्टेशनला कळलं होतं."

चहावर साय धरली.

"तुझ्या कारखान्यात कोणी फोन करून सांगितलं की अमुक गोळी खराब आहे, तर तू काय करतोस?" आत्याने विचारलं.

"सॅम्पल काढतो. टेस्ट करतो. रिपोर्ट आल्याशिवाय मी माल रिजेक्ट करत नाही, कोणी कितीही ओरडू दे."

"मग माणूस काय गोळीहून गेला का रे?"

फणशांनी खाली पाहिलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक पाकीटही तपासल्याशिवाय फेकलं नव्हतं, या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. त्यांनी फोन काढला, ब्लॉक केलेला नंबर मोकळा केला आणि लावला. आत्याने खुणेने सांगितलं, स्पीकरवर टाक.

दोन रिंगांत फोन उचलला गेला.

"हरी? मैं इंदौर से फणसे बोल रहा हूँ."

"नमस्ते साहब. स्की ऑफिस में जमा है, साहब. उसी शाम जमा करा दी थी."

"उसी शाम?"

"जी. मैं मरीज़ को छोड़कर ऊपर आया, तो आप निकल गए थे. देखा, दूसरे रैक में आपकी एक स्की रह गई है. आपको फ़ोन लगाया. बहुत बार लगाया."

"दूसरे रैक में?" फणसे खुर्चीच्या कडेला सरकले. "एक स्की दूसरे रैक में क्यों रखी थी?"

"हम अच्छी वाली ऐसे ही रखते हैं, साहब. एक इधर, एक उधर. बीच में किसी और की जोड़ी भी तोड़कर लगा देते हैं. अकेली स्की कोई नहीं चुराता, किस काम की? रोज़ाना वाली तो इकट्ठी ही रख देते हैं. पर आपने तीन बार बोला था ना, कि भाई की है, ध्यान रखना."

ऋजुताने तोंडावर हात ठेवला. आत्याने डोळे मिटले.

तीन वेळा! तीन वेळा बजावलं म्हणूनच त्या माणसाने जास्त काळजी घेतली होती. आणि त्याच काळजीला फणशांनी चोरी म्हटलं होतं!

"मग वो नेगी साहब ने लिखा, तुम्हारे पास मिली..." फणसे गडबडून मराठी-हिंदीची खिचडी बोलायला लागले.

"मैं ही तो लेकर गया था उनके पास. तब तक आपकी शिकायत आ गई थी. बोले, पकड़ा गया तो लौटा रहा है." हरीच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. तोही थकला होता. "फोटो भी सबके पास आ गई. नीचे बाज़ार में बच्चे पूछते हैं, चाचा, एक ही क्यों चुराई, दूसरी कब लाओगे? साहब, एक विनती थी. वो बयान मत भेजना. चौकी में नाम चढ़ गया तो गाइड का कार्ड दोबारा नहीं बनेगा. मुझे और कोई काम आता नहीं."

"नहीं भेजूँगा. बिलकुल नहीं. मैं अभी नेगी साहब को ईमेल करता हूँ, कि गलती मेरी थी."

"ईमेल तो नेगी साहब पढ़ेंगे," हरी म्हणाला. "मेरा नाम तो सुबह की हाज़िरी में कटा था, सबके सामने. तीस-पैंतीस लोग थे. स्की कूरियर से आपके पास आ जाएगी, साहब. मेरा नाम किससे आएगा?"

फणशांनी फोनकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. आत्या पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "विचार त्याला. हाज़िरी किती वाजता असते?"

हाज़िरी आठला असायची.

सोमवारी फणशांनी कंपनीची बस सोडली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, रजा नसताना आणि कोणी मेलं नसताना. नेगीसाहेबांशी रविवारीच बोलणं झालं होतं. ते आधी कुरकुरले, "अरे साहब, अब छोड़िए, मैं रख लूँगा उसको, बात खत्म." फणशांनी ऐकलं नाही. ते म्हणाले, "नहीं. जहाँ नाम कटा है, वहीं बोलूँगा."

घरात रेंज धड नसायची, म्हणून आठला पाच कमी असताना ते फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन उभे राहिले. नीरजा आणि ऋजुता ओट्यावर. समोरच्या घराच्या कट्ट्यावर वासुदेवजी पेपर वाचत बसले होते. हरीचा फोटो त्यांनीच आपल्या भजनी मंडळापासून जावयाच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे पोचवला होता. कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी उभी होती आणि बायाबापड्या ओला कचरा, सुका कचरा वेगळा करून टाकत होत्या.

फोन लागला. पलीकडे वाऱ्याचा आवाज, बुटांची करकर. नेगीसाहेब म्हणाले, "हाँ फणसे साहब, सब खड़े हैं. स्पीकर पर हैं आप."

फणशांनी घसा खाकरला. "मैं देवदत्त फणसे. इंदौर से. दो हफ्ते पहले मैंने हरी सिंह के बारे में..."

"ज़ोर से बोलिए, साहब. पीछे तक नहीं जा रही आवाज़."

फणशांनी इकडेतिकडे पाहिलं. वासुदेवजींनी पेपर खाली केला होता. कचऱ्याच्या गाडीवरच्या भोंग्यातलं गाणं जवळ येत होतं. खालच्या आवाजात माफी मागणं किती सोपं असतं! चोर म्हणताना त्यांनी आवाज कुठे खाली ठेवला होता? दोनशे माणसांच्या ग्रुपवर म्हटलं होतं. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि ते ओरडले, अगदी गल्ली दुमदुमेल असे.

"मैंने हरी सिंह को चोर कहा था! चोरी हुई ही नहीं थी! उसने मेरी स्की संभालकर रखी थी, मैंने दूसरे रैक में देखा नहीं! उससे पूछा नहीं! फ़ोन उठाया नहीं! गलती मेरी है! हरी सिंह चोर नहीं है!"

गाडीवाल्याने गाणं बंद केलं होतं. कचरा टाकायला आलेल्या बाया डबे हातात धरून उभ्या होत्या. फणशांनी फाटकाला धरलं.

मग पलीकडून नेगीसाहेबांचा आवाज आला, पण तो फणशांशी बोलत नव्हता. ते रजिस्टर वाचत होते. एक नाव, "जी." दुसरं नाव, "जी साहब." चौथं, पाचवं. फणशांनी फोन कानाला घट्ट लावला.

"हरी सिंह."

क्षणभर नुसता वारा.

"हाज़िर."

मग पुढचं नाव. फणशांनी फोन ठेवला आणि ते ओट्याच्या पायरीवर बसले. नीरजाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

वासुदेवजी रस्ता ओलांडून आले होते. "क्या हुआ भिया? तो चोर नव्हता?"

"नव्हता. आणि तुम्ही जिथे जिथे त्याचा फोटो पाठवला ना, वासुदेवजी, तिथे तिथे आता हेही पाठवा. मी लिहून देतो. खाली माझं नाव, माझा फोटो."

"तुझा फोटो कशाला?"

"त्याचा गेलाय ना?"

फणशांनी लिहिलं, स्वतःचा फोटो लावला आणि दोन्ही ग्रुपवर पाठवलं. वासुदेवजींनी पुढे पाठवलं, तेही जरा ओशाळून. पण खोटं कशाला बोलायचं? पहिला मेसेज वाऱ्यासारखा गेला होता, हा मुंगीच्या पावलांनी चालला. कॉलनीतल्या दोनशेपैकी पंधरा-वीस जणांनी पुढे पाठवला असेल. हरीचा तो हसरा फोटो आजही कुठल्या तरी अनोळखी फोनमध्ये ‘सावधान’ या शब्दाखाली फिरत असेल, आणि तो परत बोलावण्याची सोय कुणाकडेच नाही. फणशांना हे ठाऊक आहे. कोणी तो मेसेज दाखवलाच तर ते अजून त्या माणसाला थांबवतात आणि सगळी कथा सांगतात. दमलेले असले तरी सांगतात.

मित्रहो, आपण प्रवासाला जातो तेव्हा सामान जरूर सांभाळावं. स्की असो, कॅमेरा असो, पोरीचे नवे बूट असोत; त्यांच्यावर आपलं नाव लिहावं, फोटो काढून ठेवावा, आणि दुसऱ्याच्या हाती दिलं तर तो ते कुठे आणि कसं ठेवणार हे त्याच वेळी विचारून घ्यावं. लाजू नये. एवढं करूनही एखादी वस्तू दिसली नाही, तर आधी दुसऱ्या रॅकमध्ये बघावं. तिथेही नसेल, तर ज्याने ती शेवटची हाताळली त्याला विचारावं आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं. चोर हा शब्द त्यानंतरचा आहे. घाईत असलो, थंडीने कुडकुडत असलो, रागावलो असलो, कितीही थकलो असलो, तरी त्यानंतरचाच आहे! आपली हरवलेली वस्तू दुकानात पुन्हा मिळते. आपण घालवलेलं दुसऱ्याचं नाव परत द्यायचं तर भर रस्त्यात उभं राहून ओरडावं लागतं, आणि तरीही ते पूर्ण पोचेलच असं नाही.